माया डेरेन, देवीचं झाड आणि लेकीचा मोबाइल

मांजराकाठ

धागा लांबणार आहे. घाई असलेल्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा.

लेक संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी, अंबाजोगाईला आली होती. दुपारी सगळे पंख्याखाली आडवे पडलेले, तेवढ्यात तिनं लॅपटॉपवर एक जुनी फिल्म लावली. १९४३ ची, १४ मिनिटांची, काळी-पांढरी. संवाद एकही नाही. एक बाई घरी येते. किल्ली हातातून निसटते आणि पायऱ्यांवरून उड्या मारत खाली जाते. आत टेबलावर पाव, पावात सुरी, जिन्यावर रिसीव्हर काढून ठेवलेला फोन. बाई खुर्चीत झोपते आणि मग तेच सगळं पुन्हा घडतं, पुन्हा घडतं, दर खेपेला थोडं वाकडं. काळ्या कपड्यातलं कुणीतरी पुढे चालत असतं, हिला ते गाठता येत नाही. ते वळतं तेव्हा तोंडाच्या जागी आरसा!

मला काही झेपलं नाही. इंग्रजी शिकवते मी ज्युनिअर कॉलेजात, कवितेतलं असलं काही आलं तर निभावून नेते, पण हे पडद्यावर.

सासूबाईंची थोरली बहीण तेव्हा आमच्याकडेच होती. आम्ही सगळे तिला थोरली आजीच म्हणतो. कुरडयांच्या ताटावर फडकं झाकत ती तिरक्या नजरेनं बघत होती. अचानक म्हणाली, "हिला वारं आलंय. पाय बघ की, टेकतोय का भुईला?" आणि थोड्या वेळानं, "कुणाचं झाड हाय गं ही?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थोरली आजी आराधीण आहे. परडी, कवड्यांची माळ, मंगळवारी जोगवा, सगळं. लग्नानंतर दोन-चार वर्षांत अंगात यायला लागलं, आता ऐंशीच्या पुढे आहे. अंगात येणाऱ्या माणसाला आपल्याकडे झाड म्हणतात.

लेक ताडकन उठून बसली. कारण ती फिल्म करणारी आणि त्यात काम करणारी बाई, माया डेरेन, पुढे खरोखरच हैतीला गेली. तिकडच्या वोडू देवांच्या पूजेत माणसांच्या अंगात येतं, ते तिनं १९४७ पासून काही वर्षं जाऊन-येऊन चित्रित केलं, त्यावर १९५३ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. तिकडे अंगात येणाऱ्याला घोडा म्हणतात. देव घोड्यावर स्वार होतो. आपल्याकडे झाड, तिकडे घोडा.

आता लेकीच्या डोक्यात भूत शिरलंय की येत्या नवरात्रात थोरल्या आजीच्या अंगात येतं तेव्हा मोबाइलवर शूट करायचं आणि कॉलेजसाठी प्रयोगात्म फिल्म करायची. मला हे बरं वाटत नाही, पण का बरं वाटत नाही हे नीट सांगताही येत नाही. तुम्ही काय केलं असतं? आणि ही माया डेरेन कुणी बघितली आहे का?

लातूर_पॅटर्न

१४ मिनिटं बघून काहीच कळलं नाही तर निगेटिव्ह मार्किंग आहे का?

काळी_माती

थोरल्या आजीला साष्टांग. समीक्षकांनी ८० वर्षं त्या फिल्मवर पानंच्या पानं लिहिली, आजीनं कुरडया वाळवता वाळवता दोन वाक्यांत संपवलं.

देगलूरची

मी बघितली आहे, 'मेशेस ऑफ द आफ्टरनून'. पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही झोपले होते. (फिल्ममधली बाईही झोपतेच, त्यामुळे अपराधी वाटलं नाही.)

डेरेनबद्दल थोडं लिहिते, कारण ही बाई तिच्या फिल्मांहून कमी चक्रावणारी नाही. जन्म १९१७, कीव्हमध्ये. मूळ नाव एलिनोरा डेरेन्कोव्स्की. वडील मानसोपचारतज्ज्ञ. ती पाच वर्षांची असताना कुटुंब अमेरिकेला गेलं आणि आडनाव कापून डेरेन झालं. एम.ए. इंग्रजी साहित्याचं, प्रबंध प्रतीकवादी कवितेवर. म्हणजे मांजराकाठताई, ती तुमच्याच खात्यातली! मग कॅथरीन डनहॅम या नर्तिकेकडे सहायक म्हणून लागली. डनहॅमनं स्वतः हैतीत राहून तिथल्या नाचांचा अभ्यास केला होता. हैतीचं बी तिथे पडलं. 'माया' हे नाव तिनं १९४३ च्या सुमाराला घेतलं. आपल्याला त्या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

वडील वारले, त्यांच्या मागे आलेल्या पैशांतून तिनं जुना १६ मिमीचा बोलेक्स कॅमेरा घेतला. ही फिल्म लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या भाड्याच्या घरात, नवऱ्याबरोबर केली. सेट नाही, नट नाहीत, तो आणि ती.

बोलेक्स_दादा

बोलेक्सचं नाव निघालं म्हणून इतक्या दिवसांनी लॉगिन झालो.

तरुणपणी शेतीच्या माहितीपटांवर कॅमेरा असिस्टंट होतो. बोलेक्स हाताळलाय. त्याला बॅटरी लागत नाही, बाजूला चावी असते. घड्याळासारखी चावी द्यायची, आत स्प्रिंग ताणली जाते, बटण दाबलं की फिल्म पळते. पूर्ण चावी दिली तरी सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं साधारण २८ सेकंद. मग कॅमेरा थांबणार म्हणजे थांबणार. पुन्हा चावी. रीळ १०० फुटांचं, म्हणजे पावणेतीन मिनिटं. त्यामुळे शॉट आधी डोक्यात काढावा लागायचा. आत्ताची पोरं आधी दोन तास शूट करतात आणि मग विचार करतात काय शूट केलं.

डेरेनचा एक तीन-चार मिनिटांचा तुकडा बघा, १९४५ चा, 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा'. टॅली बीटी नावाचा नर्तक रानात पाय उचलतो आणि तोच पाय खाली टेकतो तो दिवाणखान्यात. पुढे गिरकी घेतो ती संग्रहालयाच्या दालनात. मधे काही नाही, नुसता काप. आज कॉम्प्युटरवर कुणीही करेल. पण तिनं उचललेल्या पायाचा वेग, उंची, दिशा लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी तोच पाय तसाच खाली आणला. गवंडी जसा दोन्ही बाजूंनी कमान चढवत आणतो आणि वरचा दगड बसवतो, तसं.

लोडशेडिंगच्या गावात हाच कॅमेरा पाहिजे.

पुरणाला_नाही_म्हणा

फिल्ममध्ये किल्ली, कॅमेऱ्याला चावी. बाईचं सगळं आयुष्य कुलपातच गेलं म्हणायचं.

लातूर_पॅटर्न

आमच्याकडे दोन्हीला चावीच म्हणतात. किल्ली पुण्याला.

देगलूरची

किल्ली देगलूरलाही म्हणतात. आणि नांदेडच्या किल्ल्याला किल्लाच म्हणतात, हे वेगळं.

नास्तिक_निलंगा

सगळं कौतुक मान्य. पण मुद्द्यावर या. ऐंशी वर्षांच्या बाईला ग्लानी येते, ती घुमते, आणि आपण तिच्यात देवी बघतो. हे 'सुंदर' म्हणून शूट करायचं? १९४७ मध्ये न्यूयॉर्कहून हैतीला जाणाऱ्या बाईला ते अद्भुत वाटणारच, तिच्या घरात कुणी घुमत नव्हतं. माझ्या घरात घुमायचं. माझी चुलती. लग्नाआधी एकदाही नाही. लग्नानंतर सासू जेवायला देईना, नवरा हात उचलायचा, मग एका श्रावणात अंगात आलं आणि त्या दिवसापासून घरात तिच्या पाया पडायला लागले. ते कसलं वारं होतं हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ कशाला पाहिजे.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. त्या महाराष्ट्रात आपण अंगात येण्यावर कलात्मक फिल्म करणार?

उदगीरकर

निलंगेकर, कायदा आमी बी वाचलाव. अंगात आलं म्हणून कुणाला भेव दाखिवलं, लुबाडलं, इजा केली तर गुन्हा हाय. म्हातारी घरात घुमली तर पोलीस कामून येतील? उगं लेकराला घाबरवालात.

आन् तुमच्या चुलतीचं जे सांगितलाव ते खरं हाय. माज्या आज्जीचं बी तसंच होतं. पर मग एक सांगा, तिला घरात दुसरं कोण आईकत होतं? बोलायची एवढीच तर जागा होती तिला.

नास्तिक_निलंगा

उदगीरकर, तेच तर म्हणतोय. बाईला बोलायला देवी व्हावं लागतं ही लाजेची गोष्ट आहे, फ्रेम करून लावायची नाही.

उदगीरकर

लाजंची हाय. पर लाज कुणाची ते फिल्मीत दिसू द्या की.

काळी_माती

इथे दोघंही एकच बोलताहेत आणि भांडताहेत. चहा घ्या.

प्रतिमा_भंजक

थंड पाणी ओततो, माफ करा. डेरेन डेरेन काय चाललंय? 'मेशेस'वर नाव दोघांचं आहे. नवरा अलेक्झांडर हामिद हा झेक, अमेरिकेत येण्याआधीपासून सिनेमे करत होता, कसलेला कॅमेरामन. पुढे ऑस्करविजेत्या लघुपटाचा सहदिग्दर्शक. डेरेननं तोवर एकही फिल्म केली नव्हती. कॅमेऱ्यामागची सगळी करामत त्याची आणि डोक्यावर मुकुट हिच्या, असं म्हणणारे जाणकार आहेत.

देगलूरची

आलाच होता हा मुद्दा, फक्त कोण आणतंय याची वाट बघत होते.

कॅमेऱ्याची कारागिरी हामिदची, हे कुणीच नाकारत नाही. पण मग पुढचं बघा ना. १९४४ चं 'ॲट लँड': समुद्र तिला वाळूवर टाकून जातो, ती ओंडक्यावरून वर चढते आणि तिचं डोकं निघतं थेट मेजवानीच्या लांबच लांब टेबलावर. मग ती टेबलावरून सरपटत जाते, दोन्ही बाजूचे लोक सिगारेट ओढत गप्पा मारताहेत, कुणाला ती दिसतच नाही. कुठल्याही लग्नघरातल्या धाकट्या सुनेला विचारा ही फिल्म कशावर आहे. मग १९४५ चा नाच, जो दादांनी सांगितला. मग १९४६ ची फिल्म, १९४८ ची फिल्म. हामिदशी काडीमोड होऊनही तीच पकड, तीच पावलं, तीच बाई एका जागेतून दुसऱ्या जागेत जाणारी. ती पकड कुणाची होती हे मग उघड आहे.

आणि हामिदनं स्वतः कधी तिचं श्रेय ओढून घेतलं नाही. ते काम इतरांनी केलं.

मांजराकाठ

लग्नघरातल्या सुनेचं वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

परभणी_टू_परळ

पण आपल्याकडचं का कुणी बोलत नाहीये? नलिनी मालानी. जन्म १९४६, कराची. फाळणीनंतर कुटुंब कलकत्त्याला, मग मुंबईला. जे.जे.तून चित्रकला. १९६९ मध्ये अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत एक कार्यशाळा उघडली, चित्रकार आणि सिनेमावाले एकत्र बसून प्रयोग करणार, कॅमेरे-उपकरणं वापरायला मोकळी. त्यात ही विशीतली मुलगी. 'ड्रीम हाउसेस' हा तिचा ८ मिमीवरचा रंगीत तुकडा तिथलाच. नव्या देशात सगळ्यांना घरं मिळणार या स्वप्नावरचा. काही वर्षांनी तिनं त्याच्या शेजारी दुसरा पडदा लावला, काळा-पांढरा: एक तरुण बाई खिडकीतून खरी मुंबई बघते आहे, झोपड्या, धूर. दोन्ही एकाच वेळी चालतात. नाव 'यूटोपिया'. एकीकडे स्वप्न, दुसरीकडे खिडकी.

मी ते एका प्रदर्शनात उभ्यानं बघितलं. शेजारचा माणूस म्हणाला, यात काय आहे? मला सिडकोचा नकाशा आणि आमचं परभणीचं पत्र्याचं घर दोन्ही आठवत होतं. काय सांगणार त्याला.

पुढे तिनं भिंतींवर सावल्या, फिरते पारदर्शक नळकांडे, व्हिडिओ, असं काय काय केलं. २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं तिचं सिंहावलोकन भरवलं. आणि गंमत म्हणजे तिच्या त्या सुरुवातीच्या फिल्मा कित्येक वर्षं कुणी बघितल्याच नव्हत्या.

पुरणाला_नाही_म्हणा

फिरतं नळकांडं आणि भिंतीवर सावली? हे तर आमच्या जत्रेत होतं, आत दिवा असायचा.

परभणी_टू_परळ

बरोबर. तिनंही ते आपल्याकडच्या जुन्या लोककलांकडे बघतच केलं. काचेवर उलट्या बाजूनं रंगवण्याची पद्धतही तशीच जुनी.

काळी_माती

अवांतर: अंबाजोगाईच्या माणसांनी रिळाचं कौतुक आम्हाला सांगू नये. तुमच्याच गावच्या संत दासोपंतांनी सोळाव्या शतकात लांबलचक कापडी पासोडीवर अख्खा ग्रंथ लिहून ठेवला. उलगडत जा, वाचत जा. तेही एकहाती, निर्माता नाही.

संबळ

बरेच दिवस नुसता वाचत होतो. माझं घराणं गोंधळ्याचं, गाव सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी एक मंडळी मोठा कॅमेरा घेऊन आमच्याकडे आली. वडील संबळ वाजवत होते, आईच्या अंगात आलं. त्यांनी सगळं घेतलं. चांगले वागले, जेवले, पाया पडले, पैसेही दिले. सहा महिन्यांनी भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. माझ्या आईचे केस, डोळे, घाम, सगळं हळू चालवलेलं. संबळ काढून टाकलेला आणि त्या जागी कसलंतरी घूं घूं संगीत. खाली लोकांनी भुताचे हसरे चेहरे टाकलेले.

वडिलांना राग कशाचा आला माहीत आहे? आईच्या केसांचा नाही. संबळ काढला याचा. ते म्हणाले, अरे संबळाशिवाय ती आलीच नसती, मग ही आली कुठून?

ताई, लेकीला शूट करू द्या नाहीतर नका करू देऊ. पण आवाज काढू नका म्हणावं.

बोलेक्स_दादा

संबळ यांचा प्रतिसाद वाचून तासभर काही लिहावंसं वाटलं नाही.

एक नोंद करतो. 'मेशेस' मूळची मूकच होती. लेकीच्या लॅपटॉपवर जे ढोल आणि बासरीसारखं वाजलं असेल ते तेइजी इतोचं, १९५९ मध्ये बसवलेलं. तो डेरेनचा तिसरा नवरा. तोवर ती हैतीला जाऊन आली होती. म्हणजे आजींना जे वारं दिसलं त्यात तो ढोलही आहे.

मांजराकाठ

दादा, हे मला माहीतच नव्हतं! आजी खरंच म्हणाली होती की संबळ नव्हं, पण टिपरू तसंच पडतंय.

देगलूरची

संबळ यांच्या प्रतिसादावरूनच हैतीकडे येते. इथे डेरेननं जे केलं त्यासाठी मला ती सगळ्यात जास्त आवडते.

१९४६ मध्ये तिला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. हैतीला गेली ती नाचावर फिल्म करायला. मनात ठरवून गेली होती, हे इथे जोडायचं, ते तिथे कापायचं, एका समाजाचा नाच दुसऱ्यापुढे ठेवायचा. १८,००० फुटांवर फिल्म घेतली, हिशेब केला तर आठ तासांच्या वर होते. आणि ती फिल्म तिनं कधीच पुरी केली नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला तिनं स्वतःच कबुली दिली आहे की मी कलाकार म्हणून तिथलं सगळं माझ्या मनासारखं वळवायला गेले होते, पण ती गोष्ट आपल्या जागी इतकी पूर्ण होती की माझी सगळी कारागिरी बाजूला ठेवून नम्रपणे नोंद करणं एवढंच हातात राहिलं.

कात्रीवर जिचं नाव झालं तिनं कात्री खाली ठेवली. डबे तसेच पडून राहिले. तिच्या मृत्यूनंतर इतो आणि त्याची नंतरची बायको चेरेल यांनी त्यातलं जोडून माहितीपट केला, तो आपण आज बघतो. पण तो तिचा नाही.

आणि पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तिच्या स्वतःच्या अंगात येतं. एर्झुली, प्रेमाची देवी. पाय जमिनीत रुतल्यासारखा होतो, एक पांढरा अंधार अंगात चढत येतो, आणि मग पुढचं काही नाही. पुढचं तिला माहीतच नाही. ती शुद्धीवर येते तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं.

नास्तिक_निलंगा

१९६१ मध्ये वारली, वय ४४. लोकांनी लगेच उठवलं, देव कोपले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वर्षानुवर्षं पोटाला धड नाही, कर्ज, ताण. कोप कसला?

देगलूरची

इथे शंभर टक्के सहमत. पैसा नव्हताच. हॉलिवूडमध्ये लिपस्टिकवर जेवढे उडतात तेवढ्यात माझी फिल्म होते असं ती म्हणायची, ती निव्वळ फुशारकी नव्हती. स्वतः हॉल भाड्यानं घ्यायची, स्वतः पत्रकं लिहायची, गावोगाव डबे घेऊन व्याख्यानं द्यायची. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात आपल्या फिल्मा लावल्या तर रस्त्यावर रांग. १९४७ मध्ये कान महोत्सवात 'मेशेस'ला प्रयोगात्म फिल्मचं बक्षीस. तरी भाडं थकलेलंच.

काळी_माती

तिचा एक छोटा लेख आहे १९५९ चा, हौशी विरुद्ध व्यावसायिक. त्यात ती म्हणते की इंग्रजीत हौशी माणसाला जो शब्द आहे तो लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ प्रेम करणारा. तेव्हा हौशी म्हणवून घ्यायला लाजू नका, मोठ्या कॅमेऱ्यांना ट्रायपॉड लागतो, तुमच्याकडे शरीर आहे.

मराठीला लॅटिन कशाला हवं? नवसे, हवसे, गवसे. जत्रा तिघांचीच. डेरेन हवशांतली. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही पंधरा वर्षं 'हौशी' म्हणून नाटकं केली, नेपथ्याचे बांबू एसटीच्या टपावर टाकून. कुणी प्रेम करणारे म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुरणाला_नाही_म्हणा

आणि गवसे कोण? संबळ यांच्या आईच्या फिल्मला घूं घूं संगीत लावणारे.

संबळ

+१

लातूर_पॅटर्न

मी आज परत बघितली. पूर्ण. एका ठिकाणी ती सुरी घेऊन उठते आणि काही पावलं टाकते. पहिलं वाळूत, मग माती, गवत, रस्ता, आणि शेवटचं घरातल्या गालिच्यावर. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला बाईला एवढं अंतर. कुणाला सांगू नका, पण अंगावर काटा आला.

मांजराकाठ

(धागा वर काढतेय. नवरात्र, कोजागिरी सगळं होऊन गेलं.)

तुम्हा सगळ्यांचं लेकीला वाचून दाखवलं. संबळ यांचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचला आणि आठवडाभर फिल्मचं नाव काढलं नाही. मग भाद्रपदात मीच थोरल्या आजीला विचारलं. म्हटलं, तुमच्या अंगात येतं तेव्हा हिला मोबाइलवर घ्यायचंय, चालेल का?

आजी म्हणाली, "मला इचारून काय उपेग? मी तवा तिथं नसतीच."

"मग कुणाला विचारू?"

"जिचं झाड हाय तिला."

म्हणून तुळजापूर. तिथे देवळात चिंतामणी आहे, गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. आजीनं हात ठेवले. मागून रेटारेटी. दगड जागचा हलला नाही. (निलंगेकर, तुम्ही लिहाल त्याआधीच मी लिहिते: एवढ्या गर्दीत तो हलायला जागा तरी होती का.) मी मनातून सुटल्यासारखी झाले. म्हटलं चला, प्रश्न मिटला.

पायऱ्या चढून वर आलो, आजी दम खायला बसली आणि म्हणाली, "ती काय बोलंना. मग मीच सांगते. घी तू. पर पहिल्यांदा मला दाव. साठ वर्सं झाली, सगळ्या गावानं पाह्यली तिला, मी नाही पाह्यली."

सातव्या माळेला घरीच आलं. आराध्यांचा मेळा, संबळ, तुणतुणं. लेक कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. सगळा वेळ मोबाइल खालीच. एकदाच वर केला, थोडा वेळ, मग परत खाली.

कोजागिरीला दूध आटत होतं तेव्हा आजीला दाखवलं. मला वाटलं रडेल, हात जोडेल. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ. मग म्हणाली, "ही माजा पदर धरून हाय बघ."

माझ्या सासूबाई. चौकटीच्या कडेला, अर्ध्या कापलेल्या. आजी घुमतेय, केस सुटलेत, आणि धाकटी बहीण तिच्या मागे मागे सरकत पदराचं टोक धरून आहे, उघडं पडू नये म्हणून. मी या घरात २३ वर्षं हे बघत आलेय आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "धरावाच लागतो की. तिला कुठं भान असतं."

आजीनं आणखी दोनदा लावायला सांगितलं. देवीबद्दल एक शब्द नाही, नुसता पदर. मोबाइल परत देताना लेकीला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पर त्या आरशावालीवाणी म्होरं-मागं करू नगंस."

लेक आता म्हणतेय की कॉलेजला दुसरं काहीतरी देते. काय, ते ठरलेलं नाही.

उदगीरकर

आवाज ठिवलाव का?

मांजराकाठ

संबळ, तुणतुणं, शेजारच्या घरातली टीव्ही मालिका, सगळं आहे.

नास्तिक_निलंगा

माझ्या चुलतीचा पदर कोण धरायचं ते आठवत बसलोय. बहुतेक कुणीच नाही.

संबळ

सासूबाईंना नमस्कार सांगा.

बोलेक्स_दादा

किती सेकंद घेतलंय पोरीनं?

मांजराकाठ

थांबा, बघून सांगते. २६.

बोलेक्स_दादा

चावी शिल्लक होती की अजून.